व्हिडीओचे मुखचित्र मोबाईलमध्ये कसे जतन करावे व त्यावर किती विसंबावे

आषाढ-श्रावणात बोदवडच्या एखाद्या कृषी केंद्रापुढे घटकाभर उभे राहिले म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानात येते. पूर्वी शेतकरी रोगट पान किंवा किडलेले बोंड रुमालात बांधून आणीत असे व दुकानदारापुढे ठेवीत असे. सांप्रत तो खिशातून मोबाईल काढतो, गॅलरी उघडतो आणि एक चित्र दाखवून म्हणतो, "हे द्या." त्या चित्रात बहुधा एक मोठी अळी, तिच्याभोवती लाल वर्तुळ, एक बाण, डोळे विस्फारलेला एक गृहस्थ आणि पिवळ्या ठळक अक्षरांत काहीतरी छातीठोक वचन असते. हे चित्र त्याने स्वतःच्या शेतात काढलेले नसते. युट्यूबवरील कोणा एका व्हिडीओच्या दर्शनी भागावरून ते उचललेले असते.

ह्या दर्शनी चित्रास इंग्रजीत थंबनेल म्हणतात. शब्दशः अर्थ अंगठ्याचे नख, म्हणजे नखाएवढे लहान चित्र. प्रस्तुत लेखात आम्ही त्यास मुखचित्र म्हणू. ते मोबाईलमध्ये नीट कसे जतन करावे, हे पुष्कळांस ठाऊक नाही. आणि जतन केल्यावर त्याचा उपयोग कशासाठी करावा व कशासाठी करू नये, हे तर त्याहून थोड्यांस ठाऊक आहे. दोन्ही गोष्टी येथे सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम हे चित्र येते कोठून ते पाहू. युट्यूबवर कोणी व्हिडीओ चढविला, की ते यंत्र त्यातीलच काही क्षणांची चित्रे काढून मालकापुढे ठेवते आणि त्यांपैकी एक निवडावयास सांगते. परंतु मालकास ती मान्य नसली, तर त्यास आपले निराळे चित्र तयार करून तेथे लावता येते, आणि बहुतेक चॅनेलवाले तसेच करतात. ह्या चित्राची मान्य मापे १२८० बिंदू रुंदी व ७२० बिंदू उंची अशी आहेत. म्हणजे सोळास नऊ हे प्रमाण. येथे वाचकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. मुखचित्र हे व्हिडीओचा भाग असतेच असे नाही. त्यातील अळी व्हिडीओत कोठेही न दिसणे, किंवा त्यावरील बाटली व्हिडीओत मुळीच न येणे, हे अगदी शक्य असते. दुकानावरची पाटी रंगविणारा आणि दुकानातील माल भरणारा हे जसे निराळे असू शकतात, तसाच हा प्रकार आहे. शिवाय ही पाटी मालकास केव्हाही बदलता येते. आज पाहिलेले मुखचित्र आठ दिवसांनी त्याच व्हिडीओवर सापडेल, ह्याची खात्री नाही.

ह्या अखेरच्या कारणामुळेच ते जतन करण्यात काही अर्थ आहे. तथापि जतन करण्याची रीत चुकली तर काय होते, ह्याचा अनुभव आम्ही पदरचे पैसे खर्चून घेतला आहे, तो आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या कोरडवाहू कपाशीत पाते-फुले लागण्याच्या सुमारास चार-दोन डोमकळ्या दिसल्या. डोमकळी म्हणजे गुलाबी बोंडअळीने आतून जाळे विणल्यामुळे पाकळ्या न उमलता मिटून राहिलेले फूल; दिसावयास ती गुलाबाच्या कळीसारखी असते. रात्री मोबाईलवर ह्याच विषयाचा एक व्हिडीओ नजरेस पडला. वीज गेली होती, रेंज तुटत होती, म्हणून व्हिडीओ न पाहता आम्ही केवळ त्याच्या मुखचित्राचा स्क्रीनशॉट काढून ठेवला. त्यावर डोमकळी होती, एक बाटली होती आणि "एकाच फवारणीत साफ" असे शब्द होते. दुसरे दिवशी दुकानात ते चित्र पुढे केले. दुकानदार म्हणाला, "भाऊसाहेब, ह्यात औषधाचं नाव नीट वाचता येत नाही. पण बाटली ह्यासारखीच दिसते." त्या "सारखीच" ह्या शब्दावर आम्ही फवारणी केली. औषध सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातील निघाले. पुढील तीन आठवड्यांत पांढरी माशी इतकी माजली, की पाने चिकट होऊन त्यांवर काळी बुरशी चढली.

कपाशीच्या सुरुवातीच्या काळात ह्या वर्गातील औषधे मारू नयेत, कारण त्यांनी मित्रकीटक मरतात व पांढरी माशी उसळते, हे कृषी विद्यापीठे वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. पण खरी गंमत पुढेच आहे. दिवाळीनंतर पुतण्याने तोच व्हिडीओ शोधून काढला आणि आम्ही तो अथपासून इतिपर्यंत पाहिला. सांगणाऱ्याने पाचव्या-सहाव्या मिनिटास स्पष्ट बजाविले होते, की हे औषध पीक मोठे झाल्यावर व नुकसान मर्यादेबाहेर गेले तरच वापरावे. तूर्त डोमकळ्या तोडून नष्ट कराव्या. माणूस खरे बोलत होता. पाटी मात्र खोटी होती. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही आयुष्यभर कागद वाचल्याशिवाय सही केली नाही, मग हे कसं झालं?" ह्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

आता जतन करण्याच्या रीतीकडे वळू.

युट्यूबच्या ॲपमध्ये मुखचित्र गॅलरीत उतरवून घेण्याचे बटण दिलेले नाही. चित्रावर बोट दाबून धरल्यासही ते मिळत नाही. व्हिडीओखाली "डाउनलोड" म्हणून जे बटण दिसते, त्याने व्हिडीओ त्या ॲपच्या पोटातच साठतो. गॅलरीत काहीच येत नाही. अनेक मंडळी ते बटण दाबून मग गॅलरी धुंडाळीत बसतात, त्यांचा वेळ वाचावा म्हणून हे सांगितले.

सर्वांत सोपा उपाय स्क्रीनशॉटचा. बहुतेक अँड्रॉइड मोबाईलमध्ये चालू-बंद करण्याचे बटण व आवाज कमी करण्याचे बटण एकदम दाबले, की पडद्यावर जे असेल त्याचे चित्र निघते व ते गॅलरीतील "स्क्रीनशॉट" ह्या कप्प्यात जाऊन बसते. मग "एडिट"मध्ये जाऊन कडा कापाव्या. पण सर्व कडा कापू नयेत. मुखचित्राखाली व्हिडीओचे नाव, चॅनेलचे नाव व तो किती दिवसांपूर्वी चढविला हे छापलेले असते. ती ओळ कापली, की चित्र बेवारस झाले. आमची चूक हीच झाली होती. आम्ही नेटकेपणाच्या भरात तीच ओळ छाटली. स्क्रीनशॉटचा दुसरा दोष असा, की यादीत मुखचित्र लहान दिसते, म्हणून मोठे करून पाहता बाटलीवरील अक्षरे फुटतात.

अक्षरे स्पष्ट हवी असल्यास मूळ चित्रच उतरवावे. ही रीत थोडी लांब आहे, परंतु एकदा हाताखालून गेली म्हणजे अवघड नाही, आणि तिला कोणतेही नवे ॲप लागत नाही. युट्यूबवरील प्रत्येक व्हिडीओस अकरा अक्षरांची एक खूण दिलेली असते; आपल्याकडे जमिनीस गट नंबर असतो तशी. व्हिडीओखालील "शेअर" दाबून "कॉपी लिंक" केले, की ही खूण हाती येते. मग क्रोम उघडून वरच्या पत्त्याच्या जागी ती लिंक चिकटवावी, पण लगेच पुढे जाऊ नये. त्या लिंकमध्ये "युट्यू, टिंब, बीई" ह्यानंतर तिरपी रेघ येते. तिच्यापुढील अकरा अक्षरे ही आपली खूण. त्यानंतर प्रश्नचिन्ह व आणखी काही अक्षरांचे शेपूट असते. प्रश्नचिन्हासह ते पुसून टाकावे. शॉर्ट्स म्हणून जे लहान उभे व्हिडीओ असतात, त्यांच्या लिंकमध्ये ही खूण "शॉर्ट्स" ह्या शब्दानंतरच्या तिरप्या रेघेपुढे असते. खुणेतील लहान व मोठी इंग्रजी अक्षरे जशीच्या तशी राहिली पाहिजेत. मोठ्या ए ऐवजी लहान ए पडला, तर गट नंबर चुकल्यासारखे होऊन भलत्याच ठिकाणी जाल अथवा कोठेच जाणार नाही.

आता त्या खुणेच्या मागे व पुढे नवा पत्ता लिहावयाचा. सर्व इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता: आय-एम-जी, टिंब, युट्यूब, टिंब, कॉम, तिरपी रेघ, व्ही-आय, तिरपी रेघ, ती अकरा अक्षरे, पुन्हा तिरपी रेघ, मग मॅक्स, रेस व डीफॉल्ट हे तीन शब्द जोडून (एम-ए-एक्स, आर-ई-एस, डी-ई-एफ-ए-यू-एल-टी), टिंब आणि शेवटी जे-पी-जी. हे लिहून पुढे गेल्यावर पडद्यावर केवळ मुखचित्र उघडते. त्यावर बोट दाबून धरावे व "डाउनलोड इमेज" निवडावे. आयफोन असल्यास सफारीत हेच करून "सेव्ह टू फोटोज" निवडावे. काही व्हिडीओंचे मोठे चित्र साठविलेलेच नसते. मग त्या पत्त्यावर एक इवलेसे करड्या रंगाचे रिकामे चित्र दिसते. तसे झाल्यास मॅक्स व रेस हे शब्द काढून त्यांच्या जागी एच-क्यू ही दोन अक्षरे लिहावी. हे चित्र ४८० बाय ३६० मापाचे असते व त्याच्या वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, पण ते मिळतेच.

पत्ता टंकण्याचा कंटाळा म्हणून मुखचित्र उतरवून देणारी संकेतस्थळे पुष्कळजण वापरतात. त्यांतील काही साधी आहेत, परंतु त्यांवर जाहिरातींची खोटी "डाउनलोड" बटणे एवढी असतात, की खरे कोणते हे कळू नये. तेथून किंवा व्हॉट्सॲपवरून एपीके नावाची फाईल आली, तर ती कदापि उघडू नये. चित्राची फाईल जेपीजी, पीएनजी अशा नावांची असते. एपीके म्हणजे मोबाईलमध्ये घुसणारा नवा प्रोग्राम. पीएम किसान योजनेच्या नावाने अशाच फाईली पाठवून शेतकऱ्यांची बँक खाती रिकामी केल्याचे प्रकार घडले आहेत. चुकून उघडली गेल्यास इंटरनेट बंद करावे, बँकेस कळवावे व १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

उतरविलेले चित्र "डाउनलोड" कप्प्यात जाते आणि गॅलरीत त्याच नावाखाली दिसते. येथे एक अडचण अशी, की ह्या रीतीने उतरविलेल्या प्रत्येक चित्राचे मूळ नाव एकच असते, तेच मॅक्स-रेस-डीफॉल्ट. दुसऱ्यास मोबाईल कंसात एक, तिसऱ्यास कंसात दोन असे आकडे जोडतो. महिनाभरात अशी चाळीस चित्रे जमली, की कोणते कशाचे हे ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही. आमची हयात महसुलाच्या दप्तरात गेली. तेथे आवक क्रमांक व तारीख पडल्याखेरीज कागद रुमालात बांधला जात नसे, आणि त्यामुळेच तीस वर्षांपूर्वीचा कागद दहा मिनिटांत निघे. तीच शिस्त येथे लावावी. चित्र उतरविताच "रीनेम" करून नाव द्यावे: आधी वर्ष, महिना, दिवस, मग पीक, मग विषय, मग चॅनेलचे नाव. वर्ष प्रथम लिहिले, म्हणजे चित्रे आपोआप कालानुक्रमे लागतात.

नावात लिंक मावत नाही; तिच्यासाठी व्हॉट्सॲपवर स्वतःच स्वतःस संदेश पाठविण्याची सोय वापरावी. तेथे लिंक चिकटवून तिच्याखालीच चित्र पाठवावे. मात्र चित्र "डॉक्युमेंट" म्हणून पाठवावे. साध्या फोटोप्रमाणे पाठविल्यास व्हॉट्सॲप ते दाबून लहान करते व बारीक अक्षरे पुन्हा पुसट होतात. लिंक जवळ असणे ही ह्या सर्व खटाटोपातील मुख्य गोष्ट आहे, कारण चित्राचा खरा उपयोग व्हिडीओ पुन्हा सापडावा हाच होय.

जतन केलेल्या मुखचित्राचा आणखी एक चांगला उपयोग आमच्या सूनबाईने दाखवून दिला. गुगल लेन्स नावाची जी सोय मोबाईलमध्ये असते, तिला ते चित्र दाखविले, की त्यासारखी चित्रे जगात आणखी कोठे आहेत ते समोर येते. केळीवरील एका नव्या रोगाचे भय दाखविणारे मुखचित्र रावेरकडच्या एका नातलगाने पाठविले होते. ते लेन्सला दाखविता त्यातील पान परदेशातील एका जुन्या छायाचित्रातून घेतलेले निघाले. व्हिडीओत रोगाची माहिती होती ती ठीकच होती. पण ते पान खानदेशातील नव्हते, एवढे कळल्यावर नातलगाची झोप परत आली.

ज्या चित्रांवर विसंबून खरेच हात चालवावा, ती चित्रे निराळी. एक, आपल्याच शेतातील लक्षणाचे आपण काढलेले छायाचित्र. दुसरे, औषधाच्या डब्यावरील चिठ्ठीचे छायाचित्र. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील नियमांप्रमाणे प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल म्हणजे अतिशय तीव्र विष, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा व हिरवा. डब्यासोबतच्या माहितीपत्रकात कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती प्रमाण व काढणीपूर्वी किती दिवस थांबावे हे लिहिलेले असते. मुखचित्रावर ह्यांपैकी काही नसते, आणि तरीही "ही तीन औषधे एकत्र करा" असे सांगणारी मुखचित्रे सर्रास दिसतात. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीने विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. औषधांची मनमानी मिश्रणे व अंगावर संरक्षक साधने नसणे ही त्यामागील कारणांत होती. फवारणीस निघण्यापूर्वी डब्याच्या चिठ्ठीचे छायाचित्र काढून ठेवावे व एक प्रत घरातील माणसाच्या मोबाईलवरही असू द्यावी. प्रसंग ओढवल्यास दवाखान्यात डॉक्टर प्रथम औषधाचे नावच विचारतात.

गुलाबी बोंडअळीपुरते बोलावयाचे, तर फवारणीचा निर्णय चित्रावरून न होता मोजणीवरून होतो. एकरी दोन कामगंध सापळे लावावे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आले, अथवा शेतातील निरनिराळ्या झाडांची वीस हिरवी बोंडे फोडून त्यांत दोन किंवा अधिक किडलेली निघाली, तर नुकसानीची पातळी गाठली असे समजावे. मग शंका असल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ ह्या मोफत क्रमांकावर विचारावे. ही सोय २००४ पासून चालू आहे व उत्तर मराठीत मिळते.

काही वाचक विचारतील, की मुखचित्रावरील खोट्या वचनास फसलो, तर हे चित्र पुरावा म्हणून चालेल काय? चालू शकेल, पण नुसते चित्र दाखवून भागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत ठराविक नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून ज्या मोबाईलवर चित्र उतरविले तो मोबाईल विकू नये, चित्रावर खुणा करू नयेत, आणि कडा न कापलेला स्क्रीनशॉट मूळ चित्रासोबत ठेवावा. औषधाची पक्की पावती नसेल, तर ह्या सर्वांचा फारसा उपयोग होणार नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

उलटपक्षी, गॅलरीतील चित्र सरकारी नोंदीत घुसविण्याचा यत्न कोणी करू नये. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत पिकाचे छायाचित्र शेतात उभे राहून ॲपमधूनच काढावे लागते, कारण चित्राबरोबर जागेचीही नोंद होते. गाव नमुना बारा पूर्वी तलाठी भरीत असे, तेव्हाही बांधावर न जाता भरलेली पाहणी पुढे वादात उघडी पडे, हे आम्ही अनेक प्रकरणांत पाहिले आहे. दुसऱ्याचे मुखचित्र आपल्या चॅनेलवर किंवा जाहिरातीत लावणे हेही योग्य नव्हे. ते त्याच्या कर्त्याची कृती होय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी उपयोगासाठी व अभ्यासासाठी रास्त वापराची सवलत आहे, धंद्यासाठी नाही.

आता राहिला साफसफाईचा प्रश्न. दप्तरात कागदांचे वर्ग असत. अ वर्गाचे कागद कायम जपावयाचे, ड वर्गाचे वर्षाअखेर नष्ट करावयाचे. मोबाईलची जागाही मर्यादितच असते. कपाशीची शेवटची वेचणी होऊन पऱ्हाट्या उपटल्या, की एका दुपारी सावलीत बसून गॅलरी उघडावी. स्वतःच्या शेतातील छायाचित्रे, डब्यांच्या चिठ्ठ्या व पावत्या अ वर्गात ठेवाव्या. ज्या मुखचित्रांचा व्हिडीओ संपूर्ण पाहून त्यातील प्रमाण वहीत उतरविले असेल, ती ड वर्गात काढून पुसावी. ज्यांचा व्हिडीओ अजून पाहिलाच नसेल, तो त्याच दुपारी लिंकवरून उघडून पाहून घ्यावा. आणि लिंकही सापडत नसेल, तर ते चित्र तत्क्षणी पुसून टाकावे व "ट्रॅश" कप्प्यातूनही काढावे, नाहीतर महिनाभर ते तेथेच जागा अडवून बसते.